विसरलेल्या कबरींवर फुलं: २ नोव्हेंबरला बहर हवा असेल तर सोलापुरात काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

ऑक्टोबर उजाडला की दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, "ऑल सोल्स डेला बेवारस कबरींवर फुलझाडं लावायचीत, रोपं कुठं मिळतील?" ऑल सोल्स डे म्हणजे २ नोव्हेंबर, ख्रिस्ती लोकांचा दिवंगतांना आठवण्याचा दिवस. रोपं मिळतात हो. पण तोवर वेळ गेलेली असते. मग कुंडीतली फुललेली रोपं आणून मातीत खोचतात, फोटो निघतात आणि आठवड्याभरात सगळं वाळून जातं. दुसरी चूक याच्या उलट. जूनच्या पहिल्या पावसात उत्साहाने लागवड होते, जुलैच्या उघडिपीत निम्मी रोपं जातात, उरलेली ऑगस्टमध्ये फुलतात आणि नोव्हेंबरला तिथे नुसत्या काड्या असतात. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही ही दुसरी चूक केली.

लागवड हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे, एका संध्याकाळचं. अवघड आहे ते त्याआधीचं आणि नंतरचं: कोणती कबर खरंच विसरलेली आहे हे ठरवणं आणि पुढचे दोन महिने पाणी घालणं. म्हणून लेखातली जास्त जागा त्यालाच दिली आहे.

इथला क्रम ख्रिस्ती कबरस्थान डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मुस्लिम कबरस्थानात किंवा लिंगायत समाजाच्या दफनभूमीत करायचं असेल तर तारीख आणि रीत त्यांची, परवानगीही त्यांच्याच विश्वस्तांची. माती, पाणी आणि शेळ्या मात्र सगळीकडे सारख्याच.

उलटं वेळापत्रक

२ नोव्हेंबरपासून मागे मोजत या. झेंडूला लागवडीनंतर फुलायला साधारण ५५ ते ६५ दिवस लागतात, म्हणजे रोपं ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जमिनीत गेली पाहिजेत. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस, म्हणजे बी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकायचं. साफसफाई त्याच्या आधी, परवानगी साफसफाईच्या आधी, आणि यादी सगळ्यांच्या आधी, मे महिन्यात. उन्हात करावी लागते, इलाज नाही. पावसानंतर गवत कमरेएवढं वाढतं आणि छोट्या कबरी दिसतच नाहीत.

या हिशेबात गणपती मधे येतात. त्या दहा दिवसांत सोलापुरात एकही तरुण हाताला लागत नाही, कुठल्याही धर्माचा असो. लागवडीचा रविवार ठरवताना कॅलेंडर बघा.

टप्पा १: यादी (मे)

तिघांची टोळी पुरते: एक वाचणारा, एक लिहिणारा, एक फोटो काढणारा. सकाळी साडेसहाला सुरुवात, नऊला बंद. ऊन वाचवायला तर हे बरंच, पण खरं कारण वेगळं आहे. सूर्य खाली असताना उजेड दगडावर तिरपा पडतो आणि झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात तोच दगड कोरा वाटतो. सावलीतल्या दगडावर बाजूने टॉर्च धरा, तसाच उपयोग होतो. अक्षरांवर खडू किंवा कोळसा घासू नका, झिजलेला दगड आणखी झिजतो.

आपल्याकडे एकाच ओळीत मराठी, इंग्रजी, तेलुगू, कन्नड अशा वेगवेगळ्या लिपींतले दगड सापडू शकतात. वाचता येत नाही म्हणून "अज्ञात" लिहून पुढे जाऊ नका. फोटो काढा आणि ती लिपी येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. शहराच्या पूर्व भागात तेलुगू वाचणारं माणूस शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पहिल्या वर्षी आमच्या यादीत "अज्ञात" म्हणून गेलेल्या काही कबरींवर नाव स्वच्छ कोरलेलं होतं. आम्हाला वाचता येत नव्हतं, एवढंच.

प्रत्येक कबरीला क्रमांक द्या. तो दगडावर रंगवायचा नाही. शहाबादी फरशीच्या तुटक्या तुकड्यावर ऑइलपेंटने लिहा आणि तुकडा पायथ्याशी अर्धा पुरून ठेवा. वहीत चार रकाने: क्रमांक, दगडावर दिसतं ते जसंच्या तसं, अवस्था, आणि अलीकडे कोणी येऊन गेल्याची खूण.

हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मेणाचा डाग, वाळलेला हार, चुन्याचा ताजा हात, अगरबत्तीची काडी यांपैकी एक जरी दिसलं तरी ती कबर विसरलेली नाही. दुर्लक्षित आणि बेवारस यांत फरक आहे. मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला असतात, वर्षातून एकदा येतात आणि तोवर कबरीवर गवत माजतं. अशाच एका कबरीवर आम्ही झेंडू लावला होता. नोव्हेंबरला त्या घरची एक आजी आली. रागावली नाही, पण म्हणाली, "माझा माणूस बेवारस वाटला होय तुम्हाला?" तेव्हापासून चौथा रकाना भरल्याशिवाय वहीचं पान उलटायचं नाही, असा नियम आहे.

उंचवट्यांचं काय? दगड नाही, क्रूस नाही, फक्त मातीचा फुगवटा. आजूबाजूच्या कबरी बघा. त्याच दिशेला, त्याच अंतरावर असेल तर ती कबरच समजा. दीड-दोन हातांचा उंचवटा असेल तर बहुतेक मूल असतं. सळई खुपसून खात्री करून घेण्याचा उद्योग कोणी करू नये.

*तपासणी:* यादी झाली की ती घेऊन पाळक किंवा फादर यांच्याकडे जा आणि दफन नोंदवहीशी ताडून बघा. क्रमांक जुळत नसले तरी सालं जुळतात आणि निदान काही कबरींना नाव मिळतं.

टप्पा २: परवानगी आणि फलक (जून)

तोंडी परवानगी ही परवानगी नव्हे. पाळक म्हणतात "करा की", कबरस्थानाच्या कमिटीतल्या पंचांपैकी एकाला ते माहीत नसतं आणि ऐन लागवडीच्या दिवशी फाटकावर वाद होतो. एका पानाचा अर्ज करा. कोणत्या क्रमांकाच्या कबरी, कोणती झाडं, किती खोल खणणार, पाणी कोण घालणार आणि किती महिने, हे सगळं त्यात लिहा. कमिटीची सही-शिक्का असलेली प्रत लागवडीच्या दिवशी खिशात हवी. कोणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने, किंवा दुखावतील हे माहीत असून, दफनभूमीत अतिक्रमण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसतो. पण तो सिद्ध करत बसण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं.

मग फाटकावर आणि चर्चच्या सूचना फलकावर यादी लावा: "खालील क्रमांकांच्या कबरींवर फुलझाडं लावायचा विचार आहे. कोणाच्या घरची असल्यास कळवा." निदान तीन रविवार राहू द्या. दरवर्षी दोन-चार घरं पुढे येतात. त्यांची कबर यादीतून काढा, पण "रोपं देऊ का?" हेही विचारा. बहुतेक हो म्हणतात आणि पाणी घालायला आणखी दोन हात मिळतात.

*इशारा:* कोणी "नको" म्हटलं तर कारण विचारू नका.

टप्पा ३: साफसफाई (जूनचा शेवट ते जुलै)

इथे वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत या तिघांशी गाठ असते. वेडी बाभूळ नुसती कापली तर दुप्पट फुटते, म्हणून वाटेवरची असेल तर खोडाच्या बुंध्यासकट काढा. पण कबरीतून किंवा कबरीला खेटून उगवलेली असेल तर मूळ उपटायचं नाही. जमिनीलगत कापा आणि फुटवा दिसला की पुन्हा कापा. हेच विटा-चुन्याच्या जुन्या थडग्याच्या फटीत रुजलेल्या पिंपळाच्या रोपाला लागू. हौसेने ओढलं की मुळासोबत अर्धं बांधकाम हातात येतं.

गाजरगवत फुलावर यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून आणि तोंडाला रुमाल बांधून उपटा. ज्यांना दमा किंवा त्वचेचा त्रास आहे त्यांना या कामाला लावू नका, यादी लिहायला द्या.

*इशारा:* पडलेला दगड हाताने उलटू नका. आधी काठीने ठोका आणि थांबा. खाली विंचू असतोच असं नाही, पण असू शकतो. नाग, घोणस, मण्यार, फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही. कोणाला चावलाच तर जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला चालवू नका, गाडीत घाला आणि थेट सिव्हिलला न्या.

दगड धुण्याचा मोह सगळ्यांना होतो. धुवा, पण नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. शेवाळ असेल तर बांबूच्या कामटीने हलकेच काढा. तारेचा ब्रश नको, धुण्याचा सोडा नको, आणि संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात नको. आपल्याकडच्या पुष्कळ कबरींवर शहाबादी फरशी आहे. तो चुनखडीचा दगड आहे. ॲसिड पडलं की फेस येतो, लोकांना वाटतं घाण निघाली. निघालेला असतो दगड, अक्षरांसकट.

कबरींना चुना मारायचा असेल तर तो याच टप्प्यात मारून घ्या. लागवडीनंतर मारला की ओघळ रोपांच्या बुडाशी जातात. आपली काळी माती आधीच विम्लतेकडे झुकलेली, त्यात चुना पडला की पानं पिवळी पडतात.

खणताना हाड लागलं तर काम थांबवा, तीच माती परत घाला आणि कमिटीला कळवा. फोटो काढायचा नाही. काही अलीकडचं वाटलं तर तो विषय पोलिसांचा.

टप्पा ४: झाडं निवडणं आणि हिशेब

इथल्या राखणदाराने मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, "आधी शेळ्या आवरा, मग फुलं लावा की ओ." मी हसलो होतो. चार दिवसांत तेरड्याचं एक रोप उरलं नाही.

म्हणून निवड शेळीपासून सुरू करा. सदाफुलीला शेळी सहसा तोंड लावत नाही, कमी पाण्यावर तगते आणि उन्हाळ्यातही फुलते. माझं पहिलं मत तिलाच, आणि पांढरी असेल तर उत्तमच. चिनी गुलाब बुटका, उथळ मुळांचा, फांदी खोचली तरी लागतो. दगड नसलेल्या उंचवट्यांसाठी याहून चांगलं काही नाही. झेंडू २ नोव्हेंबरच्या बहरासाठी, पण बुटक्या जातीचा. उंच गोंडा सप्टेंबरच्या पावसात आडवा होतो. गुलछडीचे कंद ज्यांना पुढची काही वर्षं यायचं आहे त्यांनी लावावेत. पांढरा चाफा सुंदर दिसतो, पण तो झाड आहे. कबरींपासून निदान दहा फूट लांब, कडेच्या मोकळ्या जागेत. कण्हेरही तशीच कडेला. ती विषारी आहे, मुलं हात लावणार असतील तर नकोच.

झेंडू ओळींच्या आतल्या बाजूला आणि सदाफुली वाटेच्या बाजूला लावा. कारण दसरा. त्या आठवड्यात झेंडूचा भाव चढतो आणि वाटेवरची फुलं रात्रीतून जातात. चोराला दोष देण्यापेक्षा ओळ बदललेली बरी.

हिशेब असा: सहा फूट बाय अडीच फूट कबरीच्या दोन लांब बाजूंना फुटाफुटावर, टोकं सोडून, पाच-पाच रोपं. म्हणजे कबरीला दहा. चाळीस कबरींना ४००. मरणारी रोपं धरून ६० जास्त. कबरीच्या मधोमध लावायचं नाही. मधली माती सैल असते, पावसात बसते आणि रोपासकट खड्डा पडतो.

*तपासणी:* ४६० रोपं आणायच्या आधी पाण्याचा हिशेब करा. रोपाला एका वेळी अर्धा लिटर म्हणजे २३० लिटर. ऑक्टोबरच्या उन्हात एक लिटर, म्हणजे दोनशे लिटरच्या दोन पिंपांहून जास्त. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे काही सांगायला नको. कबरस्थानात पाण्याची सोय नसेल तर चाळीसऐवजी पंधरा कबरी घ्या. पंधरा फुललेल्या चाळीस वाळलेल्यांपेक्षा बऱ्या.

टप्पा ५: लागवड (ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा)

आधी वापसा बघा, म्हणजे माती खणण्याजोगी, बेताची ओली आहे का ते. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वापसा आहे. थप्पकन बसला तर दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत खुरपं चालवलं की ढेकळं होतात, वाळल्यावर त्यांची वीट होते आणि रोपाची मुळं त्यातच अडकतात. तारीख जाहीर झाली आहे म्हणून चिखलात लागवड उरकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. म्हणून जाहीर करताना दोन रविवार सांगा, एक राखीव.

मग हा क्रम:

१. कबरीच्या कडेने सुतळी धरा. दगडापासून एक वीत सोडून ओळ आखा. ओल दगडाला कायम लागून राहिली तर तळाकडून पापुद्रे सुटतात.

२. ओळीत चार बोटं उंच गादी करा. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि काळ्या मातीत पाणी तुंबतं. सपाट लावलेला झेंडू मुळं कुजून जातो, लोक म्हणतात रोग पडला.

३. कबरीला एक घमेलं शेणखत, पूर्ण कुजलेलं. हातात घेतल्यावर वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते.

४. खड्डा एक वीतभर, त्याहून खोल नाही. कुदळ, पहार फाटकाबाहेर ठेवा, खुरपं पुरतं.

५. दुपारी चारनंतर लावा. खड्ड्यात आधी पाणी, मग रोप, मग माती, मग बोटांनी दाब. ट्रेमधली मातीची गोळी फुटू देऊ नका.

६. दगड उभा असेल तर त्याच्या समोर एक-दोन चिनी गुलाब. पावसाच्या थेंबांनी उडणारा चिखल त्यांच्यावर अडकतो, अक्षरांवर जात नाही. युद्ध स्मशानभूमींमध्ये दगडांपुढे बुटकी झाडं असतात ती नुसती शोभेची नसतात. पुण्याला गेलात तर खडकीला बघून या.

जमीन मुरमाची असेल तर खणण्याचा नाद सोडा. कडेने फरशीचे तुकडे उभे करून त्यात बाहेरची माती आणि खत भरा, सहा इंच पुरे. तेलाचे डबे कापून ठेवू नका. ते पुढच्या वर्षी गंजलेले, उलटे पडलेले सापडतात.

आम्ही रोप लावायच्या आधी वहीतलं नाव मोठ्याने वाचतो. नाव नसेल तर क्रमांक वाचतो. यात भावना आहे ती आहेच, पण कामाचा फायदाही आहे: एकही कबर सुटत नाही, आणि मुलं कबरींवरून उड्या मारायची थांबतात.

टप्पा ६: पुढचे साठ दिवस

पाण्याचा तक्ता लागवडीच्या दिवशीच लिहून घ्या, माणसाच्या नावासह. "सगळे मिळून बघू" म्हणजे कोणीच बघत नाही. पहिला आठवडा पाऊस नसेल तर रोज, पुढे एक दिवसाआड, रोपं नीट रुजली की तीन दिवसांनी. पिंपांना झाकण हवंच. डेंग्यूचे डास कबरस्थानातून वस्तीत गेले की पुढच्या वर्षी परवानगी विसरा.

पाऊस ओसरला की बुडाशी उसाचं पाचट पसरा, दोन बोटं जाडीचं, खोडाला न चिकटवता. आपल्या जिल्ह्यात पाचट मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही. काळी माती वाळली की भेगाळते आणि मुळं तुटतात. पाचटाने ते बरंच थांबतं.

झेंडूचा शेंडा खुडायचा तर लागवडीपासून वीस दिवसांच्या आत. ऑक्टोबरात खुडलात तर फुलं २ नोव्हेंबरनंतर येतील. मेलेल्या रोपांच्या जागी राखीव साठ रोपं सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच लावा. उशीर झाला तर सदाफुलीने जागा भरा.

*इशारा:* ३१ ऑक्टोबरला सगळं पाचट उचला. २ नोव्हेंबरला लोक मेणबत्त्या लावतात, वारा असतो, आणि वाळलेलं पाचट एका ठिणगीवर पेटतं. आमच्याकडे एक ओळ जळता जळता राहिली. मेणबत्तीसाठी मातीची पणती किंवा पत्र्याचं झाकण द्या, मेण फरशीवर सांडलं की निघत नाही.

टप्पा ७: नंतर

डिसेंबरात झेंडू उपटून टाका. वाळलेली झुडपं उभी राहिली की कबर आधीपेक्षा जास्त टाकलेली दिसते. सदाफुली राहू द्या, फक्त छाटा. आठवड्याला एक पाणी मिळालं तरी ती मे काढते. चिनी गुलाब उन्हाळ्यात गेल्यासारखा वाटतो. एक-दोन कुंड्या कोणाच्या तरी गच्चीत जिवंत ठेवा, जूनमध्ये त्याच्याच फांद्या चालतात.

झेंडूची पूर्ण वाळलेली फुलं काढून सावलीत पसरा आणि कागदी पाकिटात भरा. प्लास्टिक नको, बुरशी येते. पाकिटावर तारीख आणि कबरीचा क्रमांक लिहा. संकरित रोपांच्या बियांपासून पुढच्या वर्षी एकसारखी फुलं येत नाहीत, कुठे केशरी, कुठे पिवळी, कुठे एकेरी पाकळ्यांची. आम्ही तेच बी वापरतो. आणि मेमध्ये वही घेऊन पुन्हा पहिल्या कबरीपासून सुरुवात करतो, चौथा रकाना कोरा ठेवून.